माननीय महोदय

काचेपलीकडच्या खुर्चीत आपले बाबा बसलेले पाहून ताईच्या हातातला चहा हातातच राहिला.

“यांना कुणी आणलं?” तिने विचारलं.

“मी,” डिझायनर म्हणाला. “चाचणीला बोलावलेले गृहस्थ आलेच नाहीत. हे आजोबा बाहेर बाकावर बसले होते. म्हटलं, थोडा वेळ देता का? लगेच उठले.”

“माझे बाबा आहेत ते. परवा मी उभ्याउभ्या त्यांच्या घरी डोकावून आले, तेव्हा माझा चष्मा तिथेच राहिला. तो द्यायला आले असणार.”

डिझायनरने जीभ चावली. पण आता इलाज नव्हता, चाचणी सुरू झाली होती. म्हाताऱ्या माणसांना न्हाणीघरात आधाराची दांडी सरकारी खर्चाने बसवून मिळावी, त्यासाठी अर्ज करण्याची ही वेबसाइट. सोमवारी ती सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. माणसाला पडद्यावर जे जे दिसतं, ते सगळं ताईच्या हाताखालून गेलेलं. टीममधली पोरं तिला ताई म्हणत आणि टरकूनही असत. काचेअलीकडच्या, पलीकडून न दिसणाऱ्या या अंधाऱ्या खोलीचा नियम तिनेच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला होता : मदत करायची नाही, नुसतं बघायचं. मागे एकाने न राहवून काचेवर टकटक केली, तर तिने त्याला असा झापला, की बिचारा अजून भिंतीला टेकून बसतो.

“समजा, तुमच्या घरी अशी दांडी हवी आहे,” चाचणी घेणारी मुलगी बाबांना सांगत होती. स्पीकरमधून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

“समजायचं कशाला? हवीच आहे,” बाबा म्हणाले.

ताईला हे नवीन होतं.

नाव, पत्ता सगळं सुरळीत पार पडलं. मग चौकट आली : दांडी कुठे आणि कशासाठी हवी? टीममधली पोरं या चौकटीत ‘कखग’ ठोकून पुढे जात. पण बाबांनी उभी हयात हेडक्लार्क म्हणून काढली होती. अर्ज कसा लिहायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बाह्या सारल्या, एक बोट काढलं आणि एकेक अक्षर हुडकत लिहिलं, ‘माननीय महोदय’. मग स्वल्पविराम शोधायला लागले. तो सापडल्यावर, ‘आपणांस सविनय कळवितो की’.

अलीकडच्या मोठ्या पडद्यावर ते वाचून डिझायनर खुदकन हसला. ताईही हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

कुणाची माहिती भलत्याच्या कॉम्प्युटरवर उघडी राहू नये, म्हणून काही मिनिटं हालचाल दिसली नाही की पान आपोआप मिटायचं. ते ताईनेच बसवलं होतं. हालचाल म्हणजे बटण दाबणं, पुढच्या पानावर जाणं. टायपिंग तिने धरलंच नव्हतं. इतका वेळ कुणी लिहीत बसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा ‘न्हाणीघराची फरशी गुळगुळीत असून’पर्यंत पोचले होते. ताई उठली. तिचा हात काचेपर्यंत गेला. डिझायनरने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, तेव्हा तिने हात खाली घेतला.

पान पांढरं झालं. ‘तुम्ही बराच वेळ काहीही न केल्यामुळे हे पान बंद करण्यात आले आहे.’ हे वाक्यही ताईचंच.

चटका बसल्यासारखं बाबांनी बोट मागे घेतलं.

“काय झालं असेल, असं वाटतं तुम्हाला?” चाचणी घेणाऱ्या मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

“बराच वेळ काही केलं नाही म्हणतंय.” बाबांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. “माझंच चुकलं असणार.”

“असं का वाटतं?”

“अहो, हे माझ्या लेकीनं केलंय,” बाबा ताठ मानेने म्हणाले. “ती अशी चुकायची नाही.”

कामात चुका ताईच्याही व्हायच्या, पण इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

“सोमवारचं पुढे ढकला,” एवढं सांगून ती बाहेर गेली.

बाबा पॅसेजमध्ये उभे होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसून तिच्या हातात दिला.

“तुझ्या त्या वेबसाइटवर बसून आलो.”

“कशी वाटली?”

“फर्स्टक्लास. एका दमात झालं.” हे सांगताना ते शर्टाचं बटण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

ताईने चष्मा घातला.

“बाबा, ‘फरशी गुळगुळीत असून’. पुढे काय होतं?”

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चाचणीच्या खोलीच्या बंद दाराकडे. आणि साहेबांना अर्ज वाचून दाखवताना लावत असतील, त्या आवाजात ते म्हणाले,

“‘...माझी पत्नी तेथे दोन वेळा पडली आहे. आमची मुलगी कामात असते. तरी सदर बाब तिला कळवू नये, ही नम्र विनंती.’”