सासूच्या नावावरचा दिवा

पत्र्यावरच्या सोलरवर घरात एकच बल्ब लागायचा, तोही आंधळ्या सासूच्या खाटेशी टांगलेला. “दिवा माझ्या नावावर भेटलाय,” ती ठणकावायची आणि घडीघडी बल्ब चाचपायची; गरम लागला की खूश. कुडापलीकडे सून अंधारात भाकरी थापायची. रांगतं लेकरू चुलीकडंच झेपावायचं. परवा त्याची बोटं भाजली होती. “आत्याबाई, स्वयंपाकापुरता तरी द्या.” “बिलकुल न्हाई.” त्या संध्याकाळी सुनेनं बल्ब गुपचूप चुलीपाशी नेला आणि त्याच्या जागी गरम पाण्याची छोटी काचेची बाटली टांगली. सासूनं चाचपून “हां, लागला,” म्हटलं. तेवढ्यात शेजारीण दारात आली. “आक्का, अंधारात का बसल्या? उजेड तर चुलीपाशी पडलाय.” सासूनं पुन्हा बाटली चाचपली. मग लेकाला हाक मारून गोड आवाजात म्हणाली, “मच्छिंद्र, उद्याच सोलर काढ अन् राजूरला तुझ्या ताईकडं देऊन ये. मला आंधळीला दिवा कशाला?”