ज्यू कोणाला धरायचं

"शुक्रवारपर्यंत यादी झाली पाहिजे," ग्रंथालयाचे प्रमुख दर्वाशसाहेब म्हणाले. "गवई, चित्रकार, डॉक्टर, प्राध्यापक. शहरातल्या नामवंतांत ज्यू कोण, तेवढे वेगळे काढा. कशासाठी, ते मला विचारू नका एतेल्काबाई. मीही वर विचारलेलं नाही."

एतेल्कानं विचारलं नाही. चव्वेचाळीसच्या त्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

ग्रंथालयातली नामवंतांची कार्डं ती बावीस वर्षं सांभाळत होती. जन्म, शिक्षण, ग्रंथ, मानसन्मान. आईवडिलांचं आणि आजीआजोबांचं कूळ अगदी खाली, बारीक अक्षरात. इतकी वर्षं तिथवर कोणाची नजरही पोचली नव्हती.

वसंतात वर्तमानपत्रवाल्यांची अशीच यादी झाली होती. सोमवारी ती गेली आणि गुरुवारी पहाटे माणसं बिछान्यातून उचलली. त्यांतला एकही अजून परतला नव्हता. ती यादी शेजारच्या टेबलावर तयार झाली होती आणि ती करणारी बाई तेव्हापासून कोणाशी बोलत नव्हती.

काम किचकट होतं. चर्चमध्ये तीस वर्षं गाणारी एक गायिका, पण तिचा बाप्तिस्मा विशीतला, मग जन्मानं कोण? एका प्राध्यापकाचा बाप कोण, हेच कोणाला ठाऊक नाही. एक नाटककार जन्मभर ज्यूंना शिव्या घालत आलेला, आणि त्याचे चारही आजीआजोबा ज्यू.

"याला आधी घाला," दर्वाशसाहेब म्हणाले.

एतेल्कानं मनाशी एक ठरवलं. जिथं शंका, तिथं कार्ड परत खणात. गायिका खणात गेली. प्राध्यापक गेला. बुधवारपर्यंत तिनं अशी अकरा माणसं खणात लपवली. प्रत्येक वेळी खण सरकवताना आवाज झाला की ती दाराकडे बघायची.

गुरुवारी डॉक्टर बल्लागींचं कार्ड हातात आलं.

इथं शंका नव्हती. तीन आजीआजोबा ज्यू. तीन म्हणजे ज्यू, कायदाच तसा होता. पण तिची मुलगी पिरॉश्का सहा वर्षांची असताना तिचा डावा डोळा गेलाच होता, आणि याच माणसानं चार तास उभं राहून तो परत आणला होता. फी विचारली तेव्हा म्हणाला होता, "पोरीला शाळेत पहिल्या बाकावर बसवू नका, एवढीच फी. तिला आता लांबचंही दिसतं."

एतेल्कानं दाराकडे पाठ केली. चाकूच्या पात्यानं दोन आजोबांपुढचा शब्द खरवडला आणि तिथं 'ख्रिस्ती' लिहिलं. शाई वाळल्यावर कार्ड जागेवर ठेवलं.

शुक्रवारी दोन माणसं आली. एक मंत्रालयातला सेंदे, अंगात नाझीधार्जिण्या पक्षाचा हिरवा शर्ट. दुसरा करड्या सुटातला, उंच. त्याचं नाव कोणी सांगितलं नाही. हंगेरियन नीट बोलायचा, पण जर्मन वळणानं. म्हणजे जर्मनच, तिनं धरलं.

त्यानं यादी सावकाश वाचली. मग मान वर केली.

"डोळ्यांचे डॉक्टर बल्लागी दिसत नाहीत."

"ते यात बसत नाहीत," एतेल्का म्हणाली.

"नक्की?"

"हे त्यांचं कार्ड."

त्यानं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं. एतेल्काला वाटलं, संपलं आता.

"त्यांच्या घरावर तर ज्यूंचा पिवळा तारा आहे," तो म्हणाला.

"बायकोमुळे असेल."

"बाई, आठवून बघा. एखादं नाव जास्त झालं तरी मला चालेल. अशी आणखी कार्डं असतील, ज्यांत धरावं की न धरावं असं झालं असेल. ती धरा. माझी हरकत नाही."

केवढी ही हाव, तिच्या मनात आलं. दर्वाशसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"नाही साहेब. शंकेचं एकही कार्ड नाही."

"अहो, बाई म्हणतायत ना," सेंदे जांभई देत म्हणाला. "तुम्हाला एवढे पुरेत की."

करड्या सुटातला माणूस तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. सेंदेकडे एक नजर टाकून त्यानं पेन मिटलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. तुमची जबाबदारी."

त्यानंतर तीन आठवडे ती जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसायची. कोणी आलं नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी पाववालीनं सांगितलं, ताऱ्याची घरं रिकामी करतायत, माणसं पायी सरहद्दीकडे हाकतायत. एतेल्का पायात येतील ते बूट घालून धावत सुटली.

बल्लागींच्या वाड्यासमोर हिरव्या शर्टातल्या पोरांनी आसपासच्या सगळ्या ताऱ्याच्या घरांतल्या माणसांची रांग लावली होती. पाठीवर बोचकी, हातात पोरं. डॉक्टर रांगेत चौथे होते. टोपी नव्हती, बायकोचा हात घट्ट धरलेला.

आणि फाटकाशी तोच करडा सूट. हातात तिची यादी.

तो एकेक नाव मोठ्यानं घेऊ लागला. नाव घेतलेला माणूस बायकापोरांसह रांगेतून बाहेर येऊन भिंतीशी उभा राहायचा. नाटककार आला. व्हायोलिनवाला आला. एक म्हातारी चित्रकार रडत आली. एतेल्काला त्यांच्याकडे बघवेना.

यादी संपली. बल्लागींचं नाव आलं नाही.

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. गर्दीतून तिनं डॉक्टरांची नजर गाठली आणि भिऊ नका अशी मान हलवली. त्यांनी तिला ओळखलं. किंचित हसले.

करड्या सुटातल्या माणसानं भिंतीशी उभ्या असलेल्यांना एकेक शिक्क्याचा कागद दिला आणि हिरव्या शर्टातल्या पुढाऱ्याला म्हणाला, "हे सगळे आमच्या तटस्थ देशाच्या वकिलातीच्या संरक्षणाखाली आहेत, हे आपापल्या घरी परत जातील."

"बाकीचे, चला," पुढारी ओरडला.