बेटावरची पंगत

नाव बेटावरून सुटली तेव्हा केरबा मधल्या फळीवर, अनंताच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. अंगात फौजेचा खाकी शर्ट. काल त्याने तो नदीत धुतला, तंबूच्या दोरीवर वाळवला आणि घडी घालून रात्रभर उशाखाली दाबून ठेवला. इस्त्रीची दुसरी सोय बेटावर नव्हती. आज घाटावर उतरलं की त्याला अनंतमास्तरांच्या घरी चहाला जायचं होतं. मास्तरांनीच परवा भर पंगतीत आमंत्रण दिलं होतं. पुढच्या दाराने यायचं, माजघरात बसायचं, घरातल्याच कपातून प्यायचं, असं अगदी तपशीलवार.

मास्तरांचं मंडळ सात जणांचं. सगळे सांगलीतले, सगळे घरंदाज, आणि जात मोडली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस तंबू ठोकून राहायचं आणि एका पंगतीला जेवायचं ठरलं, तेव्हा जात मोडायला पंगतीत दुसरं कुणीतरी लागेल, हे अनंताच्याच ध्यानात आलं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला केरबा नुकताच लढाईवरून परतला होता, हवालदार होऊन. त्याला तंबू ठोकता येत होता, हा वरचा फायदा. जागा म्हणून कृष्णेतलं हे बेट निवडलं. दोन्ही अंगांना डोह, नावेशिवाय पोचायची सोय नाही. मंडळाच्या वहीत कारण लिहिलं होतं : ‘स्थळ निसर्गरम्य आहे.’

तिथे सगळं झकास पार पडलं. केरबाने तंबू ताणला, भोवतीने चर खणला. पहिल्या दिवशी त्याच्या हातची भाकरी सगळ्यांनी निश्चयाने खाल्ली, तिसऱ्या दिवशी भांडून खाल्ली. एकेका ताटात दोघं दोघं जेवले. अनंताने समतेवर भाषण केलं. ते ऐकायला पंगतीखेरीज फक्त टिटव्या होत्या.

नदीचं वळण संपलं आणि घाट दिसला. सकाळची वेळ, पायऱ्यांवर अंघोळीची गर्दी. त्या गर्दीत ओला पंचा नेसून अनंताचे वडील विष्णुपंत उभे होते, आणि त्यांच्या सोबतीला त्यांचे रोजचे चौघे.

मंडळातल्या एकाला पुढे जाऊन घाट नीट बघावासा वाटला. दुसऱ्याच्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं. तिसऱ्याची वळकटी पुढे होती, तिची त्याला एकाएकी काळजी वाटली. बघता बघता सहाही जण नावेच्या नाकाशी दाटीवाटीने जाऊन बसले. अनंता तेवढा फळीवर राहिला. राहिला म्हणजे, खांदा वीतभर बाजूला घेऊन राहिला. मग तोही उठून पुढे नाकाशी जाऊन बसला. त्याला वडिलांना हात करायचा होता.

नावेचं नाक पाण्यात दबलं.

“आवं मास्तर,” नावाडी बिराप्पा बांबू थांबवून म्हणाला, “सुटताना तर समदी मिसळून बसला हुता. आता एकाच अंगाला का? नाव टेकंल की वाळूला. दोघं-चौघं मागं या.”

मागे म्हणजे केरबाजवळ. घाट तर इतका जवळ आला होता की विष्णुपंतांचं जानवं दिसत होतं. जो तो शेजारच्याकडे पाहू लागला.

खरकन आवाज झाला आणि नाव वाळूला बसली, घाटापासून पन्नास पावलांवर. बिराप्पाने बांबू रोवून जोर लावला. हलेना.

“काय अवघड न्हाई,” तो म्हणाला. पोरांना समजावावं तसा त्याचा सूर लागला होता. “मागं सरका. आपसूक सुटंल.”

केरबा उठला. त्याने बूट काढून फळीखाली ठेवले. शर्टाच्या गुंडीला हात लावला; घाटावर बायामाणसं होती, म्हणून तो काढला नाही. मागच्या बाजूने तो पाण्यात उतरला तेव्हा पाणी छातीला लागलं. वळसा घालून तो पुढे आला आणि वाकून त्याने नावेच्या नाकाला खांदा लावला. त्याचं डोकं अनंताच्या गुडघ्याशी आलं.

अनंता अर्धवट उठला.

“बसा मास्तर,” केरबा खालूनच म्हणाला. “उठू नगा. तोल जाईल.”

अनंताला वाटलं, उतरावं. एक पाय टाकायचा, मग दुसरा आपोआप येतो. घाटावरून वडील हसत काहीतरी विचारत होते. त्याने पाय उचलला, धोतर सावरलं आणि पाय होता तिथे ठेवला.

नाव सुटली. केरबाने ती ओढतच घाटापर्यंत आणली आणि उतरताना कुणाचा पाय घसरू नये म्हणून पायरीला लावून धरली. वळकट्या, भांडी, तंबू, माणसं उतरू लागली. विष्णुपंत चिरंजिवांकडे आणि त्यांच्या मित्रांकडे कौतुकाने पाहत होते. पाण्यातल्या माणसाकडे त्यांची नजर गेली नाही. नाव धरणाऱ्याकडे कोण बघतं?

“तीन दिवस काय खाल्लंत देव जाणे,” ते म्हणाले. “आधी घरी चला सगळे. सूनबाईला आधण ठेवायचा निरोप धाडतो. चहाला किती जण?”

तोंड उघडेपर्यंत अनंताच्या मनात आठच होते.

“सात,” तो म्हणाला.

त्याचा एक पाय पायरीवर होता आणि एक अजून नावेत. केरबाने नाव दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती जराही हलली नाही.