हलू नको तिथनं

गोजरबाईनं कपबशी हातात घेतली आणि लेकीकडे बघून हसली. "नातू झाला म्हणून पिते बरं का. न्हाईतर तुझ्या घरच्या पाण्यालाबी शिवले नसते."

"लग्नाला आली न्हाईस, डोहाळजेवणाला आली न्हाईस," अश्विनी म्हणाली, "आन् रीत बरी ध्यानात ऱ्हायली."

"बाकी समदं इसरते गं. रीत तेवढी इसरत न्हाई."

बाळ आजीच्या मांडीवर नवी कुंची घालून झोपलं होतं. ही कुंची गोजरबाईनं घरात चोरून शिवली होती. अश्विनीनं जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवसापासून तिच्या भावानं, रविराजनं, घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. ठावठिकाणा लागला तर दोघांना जितं सोडणार नाही, असं तो देवावर हात ठेवून बोलला होता. खोल्या बदलत बदलत अश्विनी आणि तिचा नवरा महेंद्र मिरजगावात येऊन राहिले होते. माहेरात हे एकट्या आईला ठाऊक होतं.

"येताना कुणी बघितलं न्हाई ना?"

"एवढी खुळी न्हाई मी. गाडीत आपल्या गावची बनुबाई हुती. तिच्यादेखत करमाळ्याचं तिकीट काढलं, आन् तिचा डोळा लागल्यावर हितं उतरले. कुत्र्यालाबी वास लागायचा न्हाई."

तेवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि बोलायला लागलं.

"आई? आई, ऐकू येतंय का?"

आवाज रविराजचा होता.

मागच्या उन्हाळ्यात गोजरबाई वाट चुकली होती आणि रात्रभर कुणाच्या तरी उसात बसून राहिली होती. रविराजनं तिला पाठुंगळी घालून घरी आणलं आणि उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडला. त्यानंतर त्यानं हे घड्याळ आणून स्वतःच्या हातानं तिला बांधलं. 'हरवलीस तर लाल बटन दाब,' एवढंच सांगितलं. आज ती हरवली नव्हती, म्हणून तिनं बटण दाबलं नव्हतं. न दाबताही ते बोलतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"आई, तू मिरजगावात कशी? मोबाईलमदी दिसतीयास मला. डेअरीच्या मागं. वाट चुकलीस ना?"

गोजरबाईनं लेकीकडे पाहिलं.

"व्हय रे बाबा," ती म्हणाली. "चुकले."

"भिऊ नको. कुणाच्या घरात बसलीयास? त्या मानसाला बोलू दे. उपकार झालं म्हनतो."

घड्याळात आणि अश्विनीच्या तोंडात हातभर अंतर होतं. तिनं ओठ दाताखाली धरले. बाळ कुरकुरलं, तसं तिनं ते आईच्या मांडीवरून झडप घालून उचललं आणि पदराखाली घेतलं.

"म्हातारी हाय एक," गोजरबाई म्हणाली. "तिला ऐकू येत न्हाई."

"बरं. तू तिथंच बस. हलू नको तिथनं. कंपनीत सुट्टी टाकलीय, सुप्यातनं निघालोय मी. आलोच."

घड्याळ गप्प झालं. गोजरबाई पट्टा ओढू लागली. तो रोज रविराजच बांधायचा आणि रविराजच सोडायचा. तिला तो निघेना.

"मी स्टँडवर जाऊन बसते. तिथनंच नेईल त्यो मला."

"आता जाऊन काय करतीस? कुठल्या घरात बसली हुतीस, ते ऱ्हातंय त्याच्या मोबाईलमदी. दारापतूर येईल दादा. उपकार मानायला."

गोजरबाईला उठताही येईना आणि बसवतही नव्हतं.

"त्यो वाईट न्हाई गं," ती पुटपुटली.

बाळाला एका हातानं छातीशी धरून अश्विनी अंगणात गेली. दोरीवर आत्ताच वाळत घातलेले लंगोट होते. ती ते एकेक ओढून पिशवीत कोंबू लागली. पिशवी भरत आली, तसं तिच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं.