नाल्यावरची मेथी

यूपीएस टीं टीं करू लागला. दुपारची लाइट गेली होती. शुभांगीनं दचकून पाळण्याकडे बघितलं. बाळानं पाय झाडला, पण डोळे उघडले नाहीत. तिनं घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला.

सातवीच्या वर्गाचा ब्लॉग ती अशीच भरायची. सकाळची शाळा आटोपून आली, बाळ झोपलं, की मांडीवर मुलांच्या वह्या आणि पायाला पाळण्याची दोरी. आज मात्र तिनं काहीच टाइप केलं नव्हतं. छायाच्या लेखाखाली आलेल्या शाबासक्या पुन्हा पुन्हा वाचत बसली होती.

‘बदल आपल्या घरापासून सुरू करा,’ असं तिनं वर्गाला सांगितलं होतं. छायानं ते मनावर घेतलं. त्यांची मेथी बाजारात न्यायच्या आधी नाल्यात धुतात, त्या नाल्याला गटार मिळतं, हे थांबलं पाहिजे, असं तिनं लिहिलं. शुभांगी कॅमेरा घेऊन त्यांच्या मळ्यात गेली होती. छायाचे वडील मल्हारी नाल्यात उभे होते. पोरीच्या शाळेसाठी फोटो म्हणून त्यांनी टोपी सारखी केली, ओली जुडी वर धरली आणि हसले. ब्लॉगवरचा तो लेख आणि फोटो परवा पेपरातही छापून आले.

दाराची कडी हळूच वाजली. छायाच होती. हातात वही.

“अगं, आज शाळेत का नाही आलीस?”

“आप्पांसंगं बाजारात गेले व्हते, मॅडम. आप्पांची जागा गेली.”

“गेली म्हणजे?”

“बाकीचे भाजीवाले बसू देत नाय. म्हणतेत, तुझ्या पोरीनं सगळ्यांचं नाव घालवलं. सगळेच धुतेत तिथं, पण फोटो आप्पांचाच ना. बाया लांबून बोट दाखवत्यात. दोन दिवस झाले, सगळी मेथी परत येती. गाईनंपण किती खावी?”

शुभांगीनं तिला आत घेतलं. पाणी दिलं. “तू खरं लिहिलंस, छाया,” ती म्हणाली. वर्गातला आवाज घरात फार मोठा वाटला.

“म्हणूनच आले. आप्पांनी पेपरातलं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणले, तू एवढंच लिहिलं व्हतं का? मी म्हणलं, नाय, शेवटाला अजून व्हतं.”

तिनं वही उघडली आणि ओळीखाली बोट धरून, धडा वाचावा तसं वाचलं.

“‘आमच्या विहिरीला पाणी नाही. मेथीला माती दिसली तर गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून आप्पा धुतात. आमच्या मॅडमपण माती दिसली की जुडी परत ठेवतात.’”

त्या ओळीपुढेही बरोबरची लाल खूण होती. शुभांगीच्याच पेनाची.

“एवढं टाका ना, मॅडम. आप्पा उगाच नाय धूत, हे लोकांना कळंल. मग बसू देतील.”

टाइप करताना त्या ओळींपाशी बोटं थांबली होती, हे शुभांगीला लख्ख आठवलं. फार वेळ नाही थांबली. ती उठली आणि गाढ झोपलेल्या बाळाला झोके देऊ लागली.

“लेख मोठा होत होता गं,” ती पाळण्याकडे बघत म्हणाली. “जागाच नव्हती.”

छायानं मान हलवली. मॅडम म्हणतात म्हणजे नसेलच. तिनं वही मिटली, उरलेलं पाणी पिऊन भांडं ओट्यावर उपडं ठेवलं. दारात चपला घालताना मात्र थांबली.

“मॅडम, कॉम्प्युटरमधलीपण जागा संपती?”