समोरची खुर्ची

फोनच्या पडद्यावर समोरची खुर्ची अजून रिकामीच होती.

लिनबाईंनी दुकानातली सगळी झुंबरं बंद केली होती. त्यांची चकाकी पडद्यावर येते म्हणून. आखातातल्या ड्रॅगन मार्ट या चिनी बाजारातलं दिव्यांचं दुकान, आणि आत जवळजवळ काळोख. फोन एका टेबल लॅम्पच्या बुडाला टेकवून ठेवला होता. लिनबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांचा सेल्समन केरू शेजारी खोक्यावर.

"केरू, दुकान बंद आहे का रे?" हेमचंद्रने दारातून विचारलं. तो एका कंपनीत वकील होता. जेवणाच्या टेबलावरचा दिवा गेल्या शुक्रवारी बायकोने पसंत केला होता, तो घ्यायला आला होता.

"चालूच आहे साहेब, जरा थांबा. मॅडमच्या वडलांची केस लागलीय. तिकडे, चीनमध्ये. कोर्टातलं लाइव्ह दाखवतायत."

"केस कोणावर?"

"सरकारवर."

हेमचंद्र आत येत हसला. "चीनमध्ये सरकारवर केस? अरे, निकाल आधीच टाइप करून ठेवला असेल."

लिनबाईंना मराठी येत नव्हतं, पण हसण्याचा अर्थ त्यांना कळला. "जजमेंट मालूम नहीं," त्या आपल्या दुकानातल्या हिंदीत म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "शायद मालूम है."

नोटीस न देता त्यांच्या वडलांचं घर पाडलं होतं. तिथून आता रस्ता गेला होता. एवढं केरूने हळू आवाजात सांगितलं.

"मग घर तर परत मिळणार नाही," हेमचंद्र म्हणाला, आणि तेच त्याने लिनबाईंना हिंदीत विचारलं.

"घर का ऊपर रोड है. घर नहीं आएगा." त्यांनी पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलं. "गवर्नमेंट का साहब आएगा. पहले साहब नहीं आता था, वकील भेजता था. अभी लॉ चेंज हुआ. साहब खुद आना चाहिए. इधर बैठना चाहिए, मेरा बा का सामने. सेम चेअर."

"और साहब नहीं आ सका तो?" हेमचंद्रने विचारलं.

"दूसरा आदमी भेजेगा."

"म्हणजे दुसराच येणार," हेमचंद्र मराठीत म्हणाला. "कायद्यात फट ठेवलीच आहे."

"आमच्याकडे प्रांतसाहेब येतात ना गावात," केरू म्हणाला, "तेव्हा खुर्ची आम्हीच शाळेतून उचलून आणतो. बसतात ते, आम्ही उभे."

त्याच्या गळ्यात लाल टाय होता. हेमचंद्रचं लक्ष आता त्याच्याकडे गेलं.

"हे काय? लग्न ठरलं काय तुझं?"

केरू लाजला. "साहेब झालो होतो मी. आठवडाभर."

रोज दुकान उघडण्याआधी लिनबाई वडलांना व्हिडिओ कॉल लावत. केरू टाय घालून शटरखालून वाकून आत येई आणि ऐटीत खुर्चीत बसे. तो साहेब. मग टाय काढून, खांद्यावर काळा पडदा घेऊन पुन्हा येई. तो न्यायाधीश. न्यायाधीश आले की उठायचं, कारण कोर्टात सगळेच उठतात. साहेब आला की उठायचं नाही. म्हाताऱ्याला शिकवायचं होतं ते एवढंच.

"पण तो दोन्ही वेळा उठायचा," केरू म्हणाला. "मला बघून! मी गुहागरचा केरू, टाय मॅडमच्या नवऱ्याचा, आणि म्हातारा हात जोडल्यासारखा उभा. मॅडम इकडून ओरडायच्या, त्स्वो! त्स्वो! म्हणजे बस. कालसुद्धा उठला. आज तालीम नव्हती, तरी सवयीने टाय घातला गेला."

"चुप," लिनबाई म्हणाल्या.

पडद्यावर कोर्टातली माणसं माना वळवून बघत होती. दारातून निळ्या शर्टातला एक जाड माणूस आत आला. त्याच्यामागे फाइल घेतलेले दोघे.

"साहेब की दुसरा?" हेमचंद्रने विचारलं. त्याच्यासाठी काढून ठेवलेलं दिव्याचं खोकं त्याने नकळत उचलून छातीशी धरलं होतं.

लिनबाईंनी पडद्यावरून नजर न काढता मान डोलावली. साहेबच होता.

म्हातारा एका कोपऱ्यात, लहानशा टेबलामागे बसला होता. त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, हात तेवढे दिसत होते. ते टेबलाच्या कडेवर आले. बोटं आवळली गेली. खांदे किंचित वर उचलले गेले, आणि तसेच राहिले. साहेब त्याच्यासमोरून चालत गेला. एकदा थांबला, जणू काहीतरी व्हायचं राहिलं होतं. मग त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. तो उठला नव्हता.

"बसला!" केरू ओरडला. "मॅडम, बैठा रहा! देखा?" तो त्यांच्याकडे वळला.

लिनबाई उभ्या होत्या. दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत धरलेले, मान खाली. साहेब आत आला तेव्हाच त्या कधीतरी उठल्या होत्या, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

हेमचंद्रने दुसरीकडे पाहिलं.

केरूने स्टूल हळूच त्यांच्या मागे सरकवलं. "त्स्वो, मॅडम," तो म्हणाला.

त्या बसू लागल्या. तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी मोठ्याने काही पुकारलं, आणि आतल्या दारातून काळा झगा घातलेली एक तरुण बाई आली. सगळं कोर्ट उठलं. म्हातारा उठला. समोरच्या खुर्चीतून साहेबही उठला.

लिनबाई अर्ध्यातूनच पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी केरूने त्यांना बसायला सांगितलं नाही.