पाखऱ्याचा फेरा

पाखऱ्या पहाटेच गेला. सलग अकरा शर्यती जिंकलेला, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत असलेला घोडा. नऊ वर्षं त्याची निगा राखणाऱ्या सईसानेच त्याचे डोळे मिटले.

दुपारी पाखऱ्याचा फेरा पाहायला मैदानाच्या कठड्याशी माणसांची रीघ लागली. यांना कसं सांगायचं, या विचाराने पाय ओढत सईस रिकाम्या मैदानात आला.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला टाळ्या कडाडल्या. शेकडो माना एकदम डावीकडून उजवीकडे वळू लागल्या. टाळ्या कठड्याच्या कडेकडेने जवळ आल्या आणि सईसापाशी येऊन थांबल्या.

"अहो, पाखऱ्या गेला," तो कसाबसा म्हणाला.

पुढच्या रांगेतल्या आजींनी त्याच्या खांद्यापलीकडे हात लांबवला.

"दादा, जरा बाजूला व्हा ना. त्याला कुरवाळायचंय."